एक थेंब तेल : स्प्रिंगच्या हवाई बंदुकीचा धगधगता इतिहास

जत्रेत फुगे फोडण्याच्या दुकानासमोर उभे राहून नेम धरावा, चाप ओढावा, आणि नेहमीच्या ‘फट्’ऐवजी एकदम कडाडून आवाज व्हावा, नळीच्या तोंडाशी निळसर धुराची बारीक रेघ दिसावी आणि नाकाला जळक्या तेलाचा वास यावा, हा अनुभव अनेकांच्या गाठी असेल. नवल असे, की या बंदुकीत दारू नसते आणि काडतूसही नसते. आत असते ती एक पोलादी स्प्रिंग, एक दट्ट्या, मूठभर हवा आणि शिशाचा छर्रा. मग हा धूर कशाचा?

धूर वंगणाचा. बंदूक सुकली म्हणून दुकानदाराने सकाळी आत सोडलेल्या तेलाचा. स्प्रिंगच्या हवाई बंदुकीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तेलाचाच इतिहास आहे. घर्षण कमी करण्यासाठी आत गेलेला हा पाहुणा गुपचूप इंधनाचे काम करू लागला. शंभर वर्षे ते कोणी नीट मोजले नाही. आणि जेव्हा मोजले, तेव्हा इंग्लंडात त्याच थेंबाचा संबंध थेट फौजदारी कायद्याशी येऊन पोहोचला होता.

आधी यंत्र समजून घेऊ. नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून बंदूक ‘भरली’, की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या चापाच्या खिट्टीत अडकतो. चाप ओढताच तो सुटतो आणि पुढची हवा काही सहस्रांश सेकंदांत दाबत नेतो. हवेला बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे छर्ऱ्यामागचे लहानसे छिद्र. येथे हवा आधीपासून साठवलेली नसते; ती प्रत्येक बाराला नव्याने दाबली जाते. इतक्या झटक्याने दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, ते याच कारणाने. बंदुकीत हा दाब वातावरणाच्या कितीतरी पट होतो आणि आदर्श गणिताने हवेचे तापमान कित्येक शंभर अंश सेल्सिअसवर जाते. खनिज तेलाची वाफ साधारण अडीचशे ते साडेतीनशे अंशांच्या आसपास ठिणगीवाचून आपोआप पेट घेते. एवढे म्हटल्यावर पुढची गोष्ट निम्मी सांगून झाली.

हे ज्ञान नवे नव्हते. आग्नेय आशियातील अनेक समाजांत बांबूच्या, लाकडाच्या वा शिंगाच्या नळीत दट्ट्या जोरात ठोसून तळाशी ठेवलेला कापूस किंवा भुसा पेटवण्याचे साधन फार पूर्वीपासून होते. तशाच साधनाचे पेटंट इंग्लंडात १८०७ साली घेतले गेले. रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात उभे केलेले इंजिनही याच तत्त्वावर चालते : हवा दाबा, ती तापेल, मग तिच्यात इंधन सोडा. बंदूकवाल्यांच्या बोलीत तेल पेटण्याला आजही ‘डिझेलिंग’ म्हणतात ते त्यामुळेच. मात्र एकोणिसाव्या शतकातल्या बंदूक बनवणाऱ्यांना आपण इंजिन बनवत आहोत, अशी शंकाही नव्हती.

हवाई बंदुकीची जुनी घराणी निराळी होती. मध्य युरोपातल्या उमरावांच्या दिवाणखान्यांत दस्त्यात भाता दडवलेल्या बंदुका असत; चाप ओढला की स्प्रिंग तो कातडी भाता चिरडी. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास घेतलेली जिरार्दोनीची बंदूक तर पंपाने आधी भरून ठेवलेल्या हवेवर चाले. तिच्यात हवा थंड व्हायला भरपूर वेळ मिळे, म्हणून तेथे तेल पेटण्याचा प्रश्न फारसा नव्हता.

दट्ट्या आणि स्प्रिंगचे स्वस्त, घरगुती घराणे उभे राहिले ते १८७० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन आणि हर्किमर या शेजारी गावांत. हॅविलंड आणि गन यांचे आराखडे आणि हेन्री क्वॅकनबुश यांचा कारखाना ही त्यातली ठळक नावे. हॅविलंड-गन यांच्या आराखड्यांवरून युरोपात ‘जेम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंदुका मोठ्या संख्येने निघाल्या. मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कंपनीने १८८८ मध्ये गिऱ्हाइकांना लहानशी हवाई बंदूक देऊ केली. पवनचक्क्या मागे पडल्या आणि कंपनी ‘डेझी’ या बंदुकीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

या बंदुका खेळण्यातल्या. त्यांना गंभीर केले बर्मिंगहॅमने. तेथील बंदूककार लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतले, आणि १९०५ पासून त्यांच्या आराखड्याची बंदूक बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजेच बीएसए, या लष्करी रायफली बनवणाऱ्या कारखान्यात तयार होऊ लागली. नळी पक्की, खाली दांडा, छर्रा घालायला फिरती तोटी, आणि सर्व भाग खऱ्या रायफलीच्या काटेकोरपणे घडवलेले. बर्मिंगहॅम परिसरातल्या दारूच्या गुत्त्यांत संघ निघाले, स्पर्धा रंगल्या. सहा-सात यार्डांवर लोखंडी पाटी, पाटीला लहान छिद्र आणि मागे घंटा. छर्रा छिद्रातून गेला की घंटा वाजे. कारखान्यातून सुटलेला कामगार संध्याकाळी घंटा वाजवायला येई. या खेळात ताकदीला फार किंमत नव्हती, सातत्याला होती. म्हणून बंदूक ‘लावणे’, म्हणजे तिचे भाग घासून, बसवून, वंगण देऊन तिला एका सुरात आणणे, ही कला तेथून वाढीस लागली.

त्या काळच्या दट्ट्याच्या तोंडाशी कातड्याची वाटी असे. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ज्यांनी हाताळला आहे, त्यांना ही वाटी वेगळी सांगायला नको. पंपातला कातडी वायसर सुकला की पंप पोकळ चाले, मग त्यावर तेल सोडून बोटाने मळावे लागे. बंदुकीचेही तसेच. कातडे ओले असेपर्यंत ते फुगून नळकांड्याला घट्ट बसते, सुकले की हवा कडेने निसटते. म्हणून तेल घालणे भागच होते. तेल घातले की बंदूक जोरात मारी, आणि मालक समजे की वायसर चांगला बसला. ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे धुरात निघून जाई.

काहींना मात्र ते अर्धे दिसले, आणि त्यांनी त्याचा उपयोग करायचे ठरवले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत बंदुका बनवण्यावर दोस्त राष्ट्रांची बंदी होती. ती सैल झाल्यावर सर्वप्रथम हवाई बंदुकांना वाट मिळाली. थुरिंगियातले आपले मूळ गाव गमावलेले वाइराउख घराणे बव्हेरियातल्या मेलरिश्टाट येथे नव्याने उभे राहिले, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांची एचडब्ल्यू ३५ ही बंदूक बाजारात आली. भक्कम, जड आणि कातडी वायसराची ही बंदूक पुढे दशकानुदशके विकली गेली. तिच्यावरून १९५४ मध्ये ‘बाराकुडा ईएल ५४’ नावाची एक विलक्षण आवृत्ती निघाली. बाजूला एक लहानशी नळी, तिच्यातून मोजून सोडलेला ईथरचा थेंब, आणि दट्ट्या आदळताच आत स्फोट. ताकद कितीतरी वाढली, तशी स्प्रिंग आणि वायसर यांची आयुष्येही त्याच मानाने घटली. बंदूक फार चालली नाही. पण तेलाचा थेंब वंगण आहे की इंधन, हा प्रश्न तिच्या रूपाने पहिल्यांदा उघडपणे दुकानाच्या काचेमागे मांडला गेला.

दुसरा प्रयत्न अमेरिकेत झाला. बेल्जियन रसायन अभियंता ज्यूल व्हान लांगेनहोव्हेन यांनी अशी रचना शोधली, की स्प्रिंग-दट्ट्याने तापलेली हवा गोळीच्या पाठीला चिकटवलेल्या दारूच्या वडीवर जाईल आणि तिला पेटवील. टोपी नको, काडतुसाची पितळी नळीही नको. डेझी कंपनीने १९६८ मध्ये ही व्ही/एल रायफल बाजारात आणली. यंत्र चालले, कायदा आडवा आला. अमेरिकी संघराज्याच्या शस्त्रविभागाने ही हवाई बंदूक नसून अग्निशस्त्र आहे असे ठरवले, आणि डेझीकडे अग्निशस्त्रे बनवण्याचा परवानाच नव्हता. वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्यानंतर १९६९ मध्ये उत्पादन थांबले. लहान मुलांच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीला एका ज्वलनाने थेट शस्त्रकारांच्या रांगेत नेऊन बसवले होते.

आणि नेमक्या त्याच वेळी अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर आणखी एक रेषा आखली जात होती. ब्रिटनचा अग्निशस्त्र कायदा १९६८ चा. त्याखाली १९६९ मध्ये ‘धोकादायक हवाई शस्त्रां’चे नियम आले. रायफलीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा १२ फूट-पौंडांपेक्षा आणि पिस्तुलाची ६ फूट-पौंडांपेक्षा जास्त भरली, तर ते शस्त्र परवान्याच्या कक्षेत जाणार. परवाना नसेल तर ते जवळ बाळगणे हाच गुन्हा, तोही तुरुंगवासाचा. पश्चिम जर्मनीने पुढच्या काही वर्षांत आपली रेषा बरीच खाली, साडेसात जूलवर आखली. त्या मर्यादेतल्या बंदुकीवर पंचकोनात कोरलेले ‘एफ’ हे अक्षर आजही दिसते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही रेषा २० जूलवर ठेवली आहे.

बारा फूट-पौंड म्हणजे सुमारे १६.३ जूल. साधारण ०.५४ ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला २४५ मीटर वेगाने निघाला, की तो या रेषेला टेकतो. २५१ मीटरला ऊर्जा १७ जूलच्या पुढे जाते. फरक सेकंदाला सहा मीटरांचा, जेमतेम अडीच टक्क्यांचा! जास्तीचे तेल पेटले, तर वेग यापेक्षा कितीतरी अधिक उडी घेतो. म्हणजे रविवारी दुपारी प्रेमाने बंदुकीत तेल सोडणारा सज्जन गृहस्थ, स्प्रिंगला हातही न लावता, कायद्याच्या पलीकडे जाऊन उभा राहू शकत होता. आणि हे त्याला कळणार तरी कसे? छर्ऱ्याचा वेग मोजणारी विजेवरची यंत्रे तेव्हा सामान्यांच्या आवाक्यात नव्हती. बंदुकीची ताकद लोक डबे, फळ्या आणि जुनी जाडजूड पुस्तके भेदून अजमावत.

या धुक्यात कार्ड्यू पितापुत्रांनी दिवा लावला. जी. व्ही. आणि जी. एम. कार्ड्यू यांचे ‘दि एअरगन फ्रॉम ट्रिगर टू मझल’ हे पुस्तक १९७६ मध्ये आले. पुस्तक आटोपशीर, पण त्यामागचे काम चिकाटीचे. स्प्रिंग किती ऊर्जा साठवते, त्यातली छर्ऱ्यापर्यंत किती पोहोचते, उरलेली कुठे हरवते, याचा हिशेब त्यांनी एकेक भाग सुटा करून मांडला. हिशेबात एक गोष्ट अवघड होती. ताकदवान बंदुकीच्या बाबतीत नुसत्या दाबलेल्या हवेवर सगळा वेग समजावून सांगणे जमेना.

मग त्यांनी जो प्रयोग केला, तो या साऱ्या इतिहासाचा कणा आहे. जळण्याला प्राणवायू लागतो. तेव्हा बंदुकीतून आणि तिच्याभोवतालून हवा हटवून तेथे नायट्रोजन भरला, तर दाब तसाच होईल, तापमानही जवळपास तितकेच चढेल, पण काहीही पेटणार नाही. त्यांनी तीच बंदूक आधी हवेत आणि मग नायट्रोजनमध्ये चालवली. नायट्रोजनमध्ये वेग ठळकपणे कोसळला. बंदूक तीच, स्प्रिंग तीच, छर्रे तेच. गेला होता तो फक्त प्राणवायू. धूर न दिसणाऱ्या, आवाज न करणाऱ्या, अगदी ‘निरोगी’ बारातही थोडेसे वंगण जळत होते आणि छर्ऱ्याच्या वेगात आपला वाटा उचलत होते.

या निरीक्षणांवरून त्यांनी बाराच्या चार अवस्था सांगितल्या. पहिली फुंकणीची : छर्रा सैल, हवा त्याला नुसती ढकलते. दुसरी, मुले बांबूच्या नळीत फळाचा बोळा ठोसून दट्ट्याने उडवतात त्या खेळण्यासारखी. छर्रा दाब पुरेसा होईपर्यंत अडून बसतो आणि मग सुटतो. तिसरी ज्वलनाची, जिच्यात बहुतेक ताकदवान बंदुका आपले रोजचे काम करतात. चौथी विस्फोटाची, आवाज, धूर, आणि आत होणारी नासधूस. विस्फोटाचा दाब दट्ट्याला उलटा मागे फेकतो. त्या तडाख्यात स्प्रिंग वाकते किंवा तुटते आणि वायसर करपतो.

तिसऱ्या अवस्थेत ज्वलनाचा वाटा नेमका किती, यावर पुढे जाणकारांत वाद झडले. कातडी वायसर जाऊन कृत्रिम पदार्थांचे आले, वंगण कमी लागू लागले, तसा हा वाटाही घटला असणार हे उघड आहे. पण मूळ मुद्दा टिकला : तेल वाढवून आलेला वेग हा उधारीचा वेग आहे. आज मिळेल, उद्या मिळणार नाही, आणि दर बाराला वेगळा मिळेल.

बंदूक ‘लावण्या’ची कला त्यानंतर बदलली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रँट्सव्हिलच्या एअर रायफल हेडक्वार्टर्सने आणि पुढे कॅलिफोर्नियात रॉबर्ट बीमन यांनी जर्मन बंदुका मागवून, उघडून, नीट करून विकण्याचा व्यवसाय रूढ केला होता. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वंगण, हा त्यांच्या सूचिपुस्तकांतला आग्रह. इंग्लंडात १९८० च्या दशकात मैदानी नेमबाजीचे नवे संघ वाढले, आणि कायद्याच्या चौकटीत राहून बंदूक मऊ, शांत व एकसारखी करून देणारे कारागीर नावारूपाला आले.

त्यांचे काम पाहण्यासारखे असते. बंदूक उघडताना स्प्रिंग दाबात असते, म्हणून ती शिकंज्यात धरूनच मागची चावी काढायची; येथे घाई करणाऱ्याचे दात पडल्याच्या कथा सर्वत्र ऐकू येतात आणि त्यांवर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. मग जुने सगळे तेल पुसून नळकांडे कोरडे करायचे. दांड्याच्या खाचेची कड कानशीने मोडायची, नाहीतर नवा वायसर आत सरकवताना त्यावर धारदार कड फिरते आणि तो बसण्याआधीच कापला जातो. स्प्रिंगची टोके सपाट घासून चकचकीत करायची. स्प्रिंगच्या आतला आधारदांडा घट्ट बसेल असा घडवायचा, कारण सैल दांड्यावर स्प्रिंग थरथरते आणि बार झाल्यावर तंबोऱ्याच्या सैल तारेसारखी झणझणत राहते.

वंगण सर्वांत शेवटी, आणि तेही कंजूषपणे. दट्ट्याच्या बाजूंना व स्प्रिंगच्या टोकांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा काळपट लेप. हे खनिज ग्रॅफाइटसारखे थराथरांनी घसरते आणि तेलासारखे पटकन भडकत नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांना डांबरासारख्या चिकट ग्रीसचा पातळ हात, झणझण मारण्यापुरता. दट्ट्याच्या पुढच्या तोंडावर काहीही नाही. सिलिकॉनचे तेल उशिरा पेटते म्हणून काही जण ते पुढच्या भागात वापरतात, पण धातूवर धातू घासतो तेथे ते टिकत नाही. तेथे ते लावले की खरचटे पडतात. बर्मिंगहॅमच्या गुत्त्यातला जुना कामगार हे पाहता तर चक्रावला असता. त्याच्या काळात तेलाची कुपी हीच बंदुकीची आई होती.

कारागीर मग दहा छर्रे वेगमापकातून सोडतो. तो १२ फूट-पौंडांच्या उंबरठ्यावर थांबत नाही. साडेअकराच्या आसपास, म्हणजे त्याच छर्ऱ्याला सेकंदाला सुमारे २३९ मीटर, अशी जागा राखून ठेवतो. उन्हाळा, वेगळ्या वजनाचा छर्रा किंवा पहिल्या काही बारांत जळणारे जास्तीचे वंगण, यांतले काहीही वेगाला रेषेपलीकडे ढकलू शकते. दहा बारांत वेगाचा फरक किती पडला, हेच त्याच्या कामाचे प्रगतिपुस्तक.

उच्च स्पर्धांनी मात्र वेगळी वाट धरली. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने १९६१ च्या मॉडेल १५० मध्ये बंदुकीचे सगळे यंत्र रुळांवर बसवले. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के असतात, दट्ट्या सुटताना एक मागे आणि तो हवेच्या उशीवर आदळताना एक पुढे. रुळांवर सरकणारे यंत्र हे दोन्ही धक्के पोटात घेई आणि नेमबाजाचा खांदा निश्चल राही. दहा मीटरच्या कागदी लक्ष्यासाठी ताकद कमी ठेवलेली असल्याने या बंदुकांत ज्वलनाचा प्रश्नही सौम्य होता. तरीही अखेर स्प्रिंग गेलीच. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, आणि पुढच्या काही वर्षांत आधीच दाबून ठेवलेल्या हवेच्या, जवळजवळ धक्काविरहित रायफलींनी हे क्षेत्र व्यापले. मुंबईच्या अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत अंतिम फेरीत पोहोचल्या तोवर अव्वल स्पर्धांतल्या रायफलींतून स्प्रिंग जवळजवळ नाहीशी झाली होती. जिरार्दोनीचे थंड हवेचे घराणे दोनशे वर्षांनी परतले, असे म्हणायला हरकत नाही.

स्प्रिंगला घराच्या आतूनही प्रतिस्पर्धी मिळाला. डेव्ह थिओबाल्ड आणि बेन टेलर या दोन इंग्रजांनी आपली नावे जोडून ‘थिओबेन’ ही कंपनी काढली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्प्रिंगच्या जागी बंद नळीत कोंडलेला वायू बसवला. झणझण एका फटक्यात संपली. पण दट्ट्यापुढची हवा तेथेही दाबली जाते, तापते, आणि तिच्या वाटेत तेलाचा थेंब आला तर तो तेथेही पेटतोच. म्हणून या बंदुकांच्या मालकांनाही तीच तंबी दिली जाते, की छर्ऱ्यामागच्या छिद्रातून तेल सोडू नका.

जत्रेतली बंदूक अजून कातडी वायसराची असेल, तर तिला तेल लागणारच. दोन थेंब, रात्री, नळी वर करून, आणि सकाळपर्यंत उभी ठेवून. म्हणजे ते कातड्यात मुरेल आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या कानाशी कडाडणार नाही.